प्रभूच्या येण्यासाठी जागृत राहायचे म्हणजे नेमके काय करायचे?

ताई, तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तुम्ही मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहात, रात्रपाळ्या बऱ्याच असतात आणि घरी लहान मुलगी आहे. तुमचे मामा युद्धे, भूकंप आणि ख्रिस्तविरोधक यांविषयीचे व्हिडिओ जवळजवळ रोज पाठवतात. ते पाहिले की दोन-तीन दिवस तुमची झोप उडते, प्रार्थना वाढते, पवित्र शास्त्र उघडले जाते. आणि आठवडा सरायच्या आत सगळे पुन्हा थंड पडते. म्हणून तुम्ही विचारले आहे की प्रभूने सदैव जागृत राहायला सांगितले असताना आपल्याला ते का जमत नाही, आणि तो आज रात्री आला तर आपण तयार आहोत की नाही हे ओळखायचे कसे. जाता जाता, मामांच्या व्हिडिओंचे काय करावे हेही विचारले आहे.

मी पाळक आहे आणि माझ्या सेवेचा बराच काळ मंडळीइतकाच रुग्णालयांतही, रुग्णांच्या उशाशी बसून गेला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमची खरी अडचण आळस ही नाही. तुम्ही भीतीला जागृती समजत आहात, ही खरी अडचण आहे. भीतीने माणूस जागा होतो, पण जागा राहत नाही. तिचा जोर ओसरला की शरीर आणि मन थकतात, आणि त्या थकव्यालाच आपण ‘मी पुन्हा थंड झाले’ असे म्हणतो. मग स्वतःला दोष देतो, आणि पुन्हा जागे होण्यासाठी आधीपेक्षा मोठी भीती लागते. हे चक्र मी अनेक विश्वासू माणसांमध्ये पाहिले आहे आणि त्यातून कोणाची जागृती वाढलेली मला आठवत नाही.

पुढे जाण्यापूर्वी दोन गोष्टी स्पष्ट करतो. पहिली ही, की प्रभूच्या पुनरागमनाविषयी मला शंका नाही. जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास तो पुन्हा येणार आहे, असे आपण विश्वासांगीकारात दर रविवारी म्हणतो आणि मी ते मनापासून म्हणतो. सहस्र वर्षांचे राज्य, मंडळीचे उचलले जाणे, महासंकटाचा क्रम यांविषयी मात्र आपल्या मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. कॅथलिक, उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि पेन्टेकॉस्टल बंधुभगिनी यांची शिकवण या बाबतीत एकसारखी नाही. ज्या मुद्द्यांवर देवभीरू माणसांचे एकमत झालेले नाही, त्यांवर तुमच्या मनाची शांती टांगून ठेवू नका. दुसरी गोष्ट तुमच्या प्रकृतीची. व्हिडिओ न पाहताही झोप येत नसेल, छातीत धडधड होत असेल, मुलीशी बोलतानाही मन त्याच विचारात अडकून राहत असेल, तर पाळकाबरोबर डॉक्टरांशीही बोला. त्यात अविश्वास नाही. एलीया झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले, आणि देवाची मंद वाणी त्याला त्यानंतर ऐकू आली. रात्रपाळ्यांनी झिजलेल्या शरीराकडे आधी पाहावे लागते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील, दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा (पाच शहाण्या, पाच मूर्ख) दाखला तुम्ही लहानपणापासून ऐकला असेल. त्यातले एक वाक्य उपदेशात बहुधा घाईने ओलांडले जाते: वराला उशीर लागला तेव्हा त्या सगळ्यांनाच डुलक्या आल्या आणि त्या झोपी गेल्या. शहाण्या पाचही झोपल्या होत्या. प्रभूने त्यांना झोपल्याबद्दल बोल लावलेला नाही. फरक एवढाच होता की शहाण्यांनी झोपण्यापूर्वीच भांड्यात तेल घेऊन ठेवले होते. मध्यरात्री हाक आली तेव्हा त्यांना काही नवे करावे लागले नाही. दिवे नीट केले आणि त्या निघाल्या. मूर्खांना मात्र त्याच क्षणी तेल शोधण्यासाठी धावावे लागले. म्हणजे या दाखल्यातील तयारी हाकेच्या क्षणी घडत नाही, ती त्याआधीच्या शांत वेळात झालेली असते.

तुम्हाला हे माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. पाळी बदलताना तुम्ही वॉर्डातली इमर्जन्सी ट्रॉली तपासता. लॅरिंगोस्कोप उघडून त्याचा दिवा लागतो का पाहता, ॲम्बू बॅग दाबून पाहता, ॲड्रिनॅलिनच्या अँप्यूलवरची तारीख वाचता, ऑक्सिजन सिलिंडरमधला दाब पाहता आणि रजिस्टरमध्ये सही करता. वॉर्ड शांत असला तरी हे करता. हे करताना तुमचे हात थरथरत नाहीत आणि ते करून झाल्यावर तुम्ही रात्रभर ट्रॉलीकडे टक लावून बसत नाही. तुम्ही रुग्णांना पाणी देता, सलाइन बदलता, नोंदी लिहिता. कोणी तुम्हाला येऊन विचारले की, ‘सिस्टर, आज रात्री कोणाचे हृदय बंद पडेल याची चिन्हे तुम्ही शोधत आहात की नाही?’ तर तुम्ही त्याला काय सांगाल? आत्मिक सज्जतेचे स्वरूप मला याहून वेगळे वाटत नाही. तपासणी नेमाने, काम मनापासून, आणि वेळ देवाच्या हाती.

काम हा शब्द मी मुद्दाम वापरला. लूकाच्या बाराव्या अध्यायात कंबर बांधून आणि दिवे लावून धन्याची वाट पाहणाऱ्या चाकरांविषयी प्रभू बोलतो, तेव्हा पेत्र विचारतो की हे आमच्यासाठी आहे की सगळ्यांसाठी. उत्तरादाखल प्रभू एका कारभाऱ्याची गोष्ट सांगतो, ज्याच्यावर इतर चाकरांना वेळच्या वेळी शिधा देण्याची जबाबदारी आहे. धनी आला तेव्हा तो कारभारी वाटेकडे डोळे लावून बसलेला नव्हता. तो शिधा वाटत होता, आणि प्रभूने त्यालाच धन्य म्हटले आहे. दुसरा चाकर ‘धनी यायला उशीर आहे’ असे मनात म्हणून इतरांना मारहाण करू लागतो आणि खाण्यापिण्यात धुंद होतो. त्याची झोप कशात होती? माणसांशी वाईट वागण्यात. त्याच्या हिशेबात किती वर्षांची चूक झाली हे प्रभू सांगतच नाही.

थेस्सलनीका येथील मंडळीत नेमका उलटा प्रकार घडला. प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे असे काहींना वाटू लागले होते, आणि त्याच मंडळीत कित्येक जण कामधंदा सोडून लुडबुड करत फिरत होते. पौलाने त्यांना शांतपणे काम करून स्वतःची भाकर खाण्यास बजावले. इतिहासातही हे पुन्हा पुन्हा घडले आहे. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही प्रभूच्या येण्याची तारीख धरली होती. काही जणांनी त्या हंगामात शेतातली पिकेसुद्धा काढली नाहीत. तो दिवस गेला, आणि जी प्रामाणिक माणसे रात्रभर वाट पाहत होती ती सकाळी ढसाढसा रडली. अगदी अलीकडे हॅरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओ-उपदेशकाने २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली, ती टळल्यावर त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमधली २१ तारीख सांगितली, आणि तीही टळली. या माणसांच्या तळमळीला मी नावे ठेवत नाही. पण तो दिवस व ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही असे प्रभूने स्वच्छ सांगितल्यानंतर त्याहून अधिक जाणण्याचा हट्ट धरणे ही जागृती नव्हे. लढायांच्या बातम्या ऐकाल तेव्हा घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, हेही त्याचेच शब्द आहेत. आणि व्हिडिओ तयार करणारे नेमके तेच वाक्य सहसा वगळतात, याचे मला दुःख होते.

आपल्याजवळचे उदाहरण द्यायचे तर केडगावचे देईन. पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या सुरुवातीला मुक्ती मिशनमध्ये संजीवनासाठी खास प्रार्थना सुरू केली, मुली रोज एकत्र जमू लागल्या आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये तिथे मोठे आत्मिक जागरण झाले. त्याविषयी आपण मंडळ्यांमध्ये अभिमानाने बोलतो. पण तिथली रोजची दिनचर्या आपण क्वचितच सांगतो. १८९६-९७ च्या दुष्काळातून सोडवून आणलेल्या मुलींना शिकवणे, विणकाम, शेती, छापखाना, शेकडो माणसांचा स्वयंपाक हे सगळे तिथे चालू होते, आणि रमाबाई पवित्र शास्त्राच्या भाषांतराला वर्षानुवर्षे चिकटून बसल्या होत्या. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या आणि ते भाषांतर त्यांच्या मागे, १९२४ मध्ये, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. प्रार्थना करणारे हात आणि दळणारे, विणणारे, छापखान्यात खिळे जुळवणारे हात तिथे एकच होते. प्रभू त्या वर्षांत केव्हाही आला असता तरी त्या हातांना काही लपवावे लागले नसते.

आता असा प्रश्न येतो की नेमकी झोप लागते कशाने. लूकाच्या एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी प्रभू म्हणतो की तुमची अंतःकरणे अधाशीपणा, दारूबाजी आणि संसाराच्या चिंता यांनी जड होऊ नयेत म्हणून जपा. या यादीतील तिसऱ्या गोष्टीपाशी थांबा. मुलीची शाळा, घराचा हप्ता, सासूबाईंची औषधे या चिंता प्रभूने दारूच्या शेजारी ठेवल्या आहेत. त्या पाप आहेत म्हणून नव्हे. त्या मनाला तशीच गुंगी आणतात म्हणून. मंडळीत दारू पिणाऱ्याला आपण लगेच ओळखतो, पण चिंतेने जड झालेल्या माणसाला ‘जबाबदार’ म्हणतो. मला वाटते, तुमच्यासारख्या कष्टाळू बाईला धोका असला तर याच दाराने आहे.

चौथ्या शतकातील इजिप्तच्या वाळवंटातील मठवासीयांना हे फार बारकाईने कळले होते. त्यांच्यापैकी एव्हाग्रिउस याने भर दुपारी येणाऱ्या एका परीक्षेचे वर्णन केले आहे: सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, साधू पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर पाहतो, जेवणाची वेळ किती लांब आहे याचा अंदाज घेतो, खोली नकोशी होते, काम नकोसे होते, आणि अमक्या भावाने आपल्याशी प्रेमाने वागले नाही असे विचार येऊ लागतात. आत्मिक झोप रात्रीच येते असे नाही, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. ती प्रत्येकाला आपापल्या ठरलेल्या वेळी गाठते. रात्रपाळीहून आल्यावर शरीर थकलेले असते, झोप येत नसते आणि हातात फोन असतो, तो अर्धा-पाऊण तास तुमची ‘दुपार’ असावा असा माझा अंदाज आहे. मामांचे व्हिडिओ तुम्ही बहुधा त्याच वेळी पाहत असाल. तो अंदाज चुकीचा असेल तर तुमची वेळ तुम्हीच शोधा, पण शोधा नक्की, कारण पहारा कुठे उभा करायचा हे त्यावर अवलंबून आहे.

प्रकटीकरणात सार्दीसच्या मंडळीला प्रभू ‘जागृत हो’ असे सांगतो, आणि तू जागी झाली नाहीस तर मी चोरासारखा येईन असा इशारा देतो. त्या गावच्या लोकांना या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. सार्दीसचा किल्ला उंच कड्यावर होता आणि तो अजिंक्य समजला जाई. तरी ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात कोरेश राजाच्या सैनिकांनी आणि पुन्हा ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अंतियोखस राजाच्या सैनिकांनी तो घेतला, आणि दोन्ही वेळा शत्रू अशा बाजूने चढला जिथे पहाराच ठेवलेला नव्हता, कारण तिथून कोणी येऊ शकणार नाही अशी आतल्यांची खात्री होती. आपणही आपल्या ओळखीच्या पापांवर पहारा ठेवतो आणि ज्या बाजूची आपल्याला खात्री असते ती मोकळी सोडतो. ‘मला कोणाचा राग नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या मनात दहा वर्षांचा रुसवा मी पाहिला आहे. ‘पैशाचा मोह मला कधीच नव्हता’ असे म्हणणारा माणूस मंडळीच्या हिशेबात गडबड करताना पाहिला आहे.

म्हणून पहिली सवय सांगतो ती आत्मपरीक्षणाची. इग्नातियस लोयोला या संताने सोळाव्या शतकात ही पद्धत आपल्या साथीदारांना लावून दिली आणि बाकी काही राहून गेले तरी ही चुकू नये असा त्याचा आग्रह असे. आम्ही प्रॉटेस्टंट असलो तरी मला ती फार उपयोगी पडली आहे. पाळी संपल्यावर, फोन हातात घेण्यापूर्वी, पाच मिनिटे बसा. आजच्या रात्रीबद्दल देवाचे आभार माना, आणि नाव घेऊन माना: अमक्या खाटेवरच्या आजींचा ताप उतरला, अमकी सहकारी मदतीला धावली. मग ती रात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांसमोरून जाऊ द्या आणि मन कुठे कठोर झाले, कुठे खोटे बोलले गेले, कुठे एखाद्याची हाक ऐकून न ऐकल्यासारखे केले, ते पाहा. ते देवासमोर मान्य करा, क्षमा मागा, आणि उद्या कोणाशी काय नीट करायचे आहे ते एका वाक्यात ठरवा. आपण आपली पापे पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, तो क्षमा करतो, असे योहान लिहितो. त्या वचनावर विसावून झोपी जा. ही तपासणी भीतीने करू नका आणि लांबवू नका. पाच मिनिटांची रोजची तपासणी महिन्याकाठी रडून केलेल्या तीन तासांच्या तपासणीपेक्षा माणसाला अधिक जागे ठेवते, असे मी ठामपणे सांगू शकतो.

दुसरी गोष्ट वचनाची. पहाटे चारला उठून प्रार्थना करणे हाच एक खरा मार्ग, असे तुमच्या मनावर बिंबलेले दिसते. प्रभू पहाटे अंधारात एकांती जाऊन प्रार्थना करत असे हे मार्क सांगतो, पण लूक सांगतो की बारा प्रेषित निवडण्यापूर्वी त्याने सारी रात्र डोंगरावर प्रार्थनेत घालवली. एकच घटका पवित्र आहे असे त्याने कुठे म्हटलेले नाही. तुम्ही सकाळी सात-आठला घरी पोहोचता, तेव्हा पहाटेच्या प्रार्थनेचा नियम तुम्हाला लागू करणे अन्यायाचे होईल. माझी सूचना अशी, की आठवड्याला एक स्तोत्र घ्या आणि तेच लोकलमध्ये, कपडे बदलताना, मुलीला झोपवताना म्हणत राहा, म्हणजे ते आठवड्याअखेर तोंडपाठ होईल. पाठांतरावर मी इतका भर का देतो ते सांगतो. एका निवृत्त शिक्षकांच्या खाटेशी मी बऱ्याचदा बसलो. त्यांची दृष्टी गेली होती, शेवटी शेवटी माणसे ओळखू येत नव्हती, मला तर ते कोणी विद्यार्थीच समजत. पण मी एकशे एकविसावे स्तोत्र म्हणायला सुरुवात केली की त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत, आणि मी एखादा शब्द चुकलो तर ते थांबून मान हलवत. ते स्तोत्र त्यांच्या आईने त्यांना चुलीपाशी शिकवले होते. भांड्यातले तेल म्हणजे काय, हे मला त्या खाटेशी जितके स्पष्ट दिसले तितके ग्रंथांत दिसले नाही.

त्याच दाखल्यातील एक कठोर बाजूही मान्य करायला हवी. शहाण्या कुमारींनी आपले तेल दिले नाही, आणि त्यावर बरेच जण नाराज होतात. पण काही गोष्टी उसन्या देताच येत नाहीत. तुमच्या आजोबांनी नगर जिल्ह्यात मंडळी उभी करण्यासाठी सोसले असेल, तुमची आई स्त्रियांच्या सभेची आधारस्तंभ असेल. त्यांच्या विश्वासाचा तुम्हाला वारसा मिळतो, उदाहरण मिळते, पण हाक येईल तेव्हा दिवा तुमचाच लागतो. आपल्या मंडळ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती असण्याचा जो अभिमान आहे, त्याने आपल्यापैकी अनेकांना गाढ झोपवले आहे. एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला मंदिरात पाय ठेवायला जागा नसते आणि फेब्रुवारीत बुधवारच्या प्रार्थनासभेला चार माणसे असतात, हे पाहून पाळक म्हणून मन दुखते.

तेल उसने मिळत नसले तरी उठवणारा माणूस मिळतो, आणि तो हवाच. ‘आज’ म्हटले जाते तोपर्यंत प्रतिदिवशी एकमेकांना बोध करा, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे. तुमच्याच रुग्णालयातील किंवा मंडळीतील एक विश्वासू स्त्री निवडा आणि आठवड्यातून एकदा, फोनवर का होईना, एकमेकींना तीन साधे प्रश्न विचारा: या आठवड्यात काय वाचलेस, कुठे घसरलीस, कोणासाठी प्रार्थना करू. एवढे पुरे. धरून दिले जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने तिघांना बरोबर नेले होते. त्यालाही त्या रात्री सोबत हवी होती.

त्या रात्रीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘मला जमत नाही’ या तुमच्या वाक्याचे उत्तर तिथे आहे. मार्काच्या तेराव्या अध्यायाच्या शेवटी प्रभू म्हणतो की घरधनी केव्हा येईल हे तुम्हाला ठाऊक नाही: संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवण्याच्या वेळी की सकाळी. रोमी रात्रीचे हेच चार प्रहर. मग पुढचा अध्याय वाचा. संध्याकाळी भोजनाच्या वेळी प्रभू सांगतो की तुमच्यापैकी एक मला धरून देईल, आणि प्रत्येक जण ‘मी तो आहे काय?’ म्हणून विचारतो. रात्री बागेत पेत्र, याकोब आणि योहान झोपतात; एकदा नव्हे, तीनदा. कोंबडा आरवतो तेव्हा पेत्राने त्याला नाकारलेले असते. आणि सकाळ होते तेव्हा प्रभू पिलाताच्या हवाली होतो, शिष्य कोणीच जवळ नसतात. ज्यांना ‘जागे राहा’ म्हणून सांगितले होते, त्यांच्यापैकी कोणालाही सकाळपर्यंत त्याच्यापाशी टिकता आले नाही. पण त्याने त्यांना टाकले नाही. बागेत तो पुन्हा पुन्हा येऊन त्यांना उठवत राहिला, आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे हे त्यानेच त्यांच्या वतीने म्हटले, आणि पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेपाशी निरोप मिळाला तो ‘त्याच्या शिष्यांना व पेत्राला’ सांगा असा. पेत्राचे नाव वेगळे घेतले गेले. पुढे ‘सावध असा, जागे राहा, तुमचा शत्रू सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरत आहे’ असे लिहिणारा तोच पेत्र आहे. झोप कशी लागते हे त्याला पुरते ठाऊक होते. तुम्ही आठवड्यात थंड पडता तेव्हा प्रभू दाराशी छडी घेऊन उभा आहे असे समजू नका. तो उठवायला आला आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न: मी तयार आहे हे कसे ओळखू? मरणाच्या दारात असलेल्या माणसांबरोबर बसताना मला एक गोष्ट सतत दिसली आहे. जगाच्या अंताची चिन्हे कोणती, हे त्या घटकेला कोणीही मला विचारलेले नाही. माणसे माणसांविषयी विचारतात. एका शेतकऱ्याने माझा फोन मागितला, कारण बांधाच्या भांडणावरून त्याचे सख्ख्या भावाशी कित्येक वर्षे बोलणे नव्हते. भावाने फोन उचलला. क्षमेचा शब्द दोघांपैकी कोणी उच्चारला नाही. ते पाऊस, विहिरीचे पाणी आणि एका म्हाताऱ्या बैलाविषयी बोलत राहिले, आणि फोन ठेवल्यावर त्याने मला प्रभुभोजन मागितले. वेदीपाशी आपले अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे वचन त्याने पाळले होते. तेव्हा तयारी तपासायचीच असेल तर भविष्यवाणीचे तक्ते बाजूला ठेवा आणि हे पाहा: ज्याच्याशी बोलणे तुटले आहे असा कोणी आहे का, कोणाचे देणे लागता का, कोणापासून काही लपवले आहे का, आणि या सगळ्यासकट तुम्ही येशूच्या कृपेवर विसंबता की स्वतःच्या चोखपणावर. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आपण पुरेसे जागे होतो म्हणून कोणाचे तारण होत नाही. इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही व झोपत नाही, असे तेच एकशे एकविसावे स्तोत्र म्हणते. म्हणूनच आपल्याला झोपता येते.

सारे एकत्र करून सांगायचे तर: पाळीनंतरची पाच मिनिटे, आठवड्याचे एक स्तोत्र, विचारणारी एक मैत्रीण, समोरच्या रुग्णाची मनापासून सेवा, आणि तुटलेली नाती वेळ असताना सांधणे. यातले सगळे एकदम सुरू करू नका. पाच मिनिटांपासून सुरुवात करा आणि महिनाभर दुसरे काही जोडू नका. मुलगी आजारी पडली किंवा सलग पाळ्या लागल्या की खंड पडेल. पडला तर पुढच्या दिवशी पुन्हा बसा, भरपाई म्हणून दुप्पट करू नका.

राहिले मामा. त्यांच्याशी व्हॉट्सॲपवर वाद घालू नका, आणि त्यांना अडाणी समजू नका. तुमच्या तारणाची काळजी वाटते म्हणूनच ते पाठवतात. त्यांना फोन करून प्रेमाने सांगा की, ‘मामा, प्रभू येणार यावर माझाही विश्वास आहे, पण या व्हिडिओंनी माझी झोप जाते आणि रात्री माझ्या हातात लोकांचे जीव असतात, म्हणून मी ते आता पाहणार नाही.’ त्यानंतर तो चॅट म्यूट करून ठेवला तरी चालेल, पण मामांशी बोलणे बंद करू नका. उलट त्यांना एक काम द्या. तुमच्या पाळ्यांचे वेळापत्रक त्यांना पाठवा आणि ज्या ज्या रात्री तुम्ही कामावर असाल त्या रात्री झोपण्यापूर्वी तुमच्यासाठी व तुमच्या वॉर्डातील रुग्णांसाठी प्रार्थना करायला सांगा. ज्या माणसाला प्रभूच्या येण्याची एवढी तळमळ आहे, तो हे काम नाकारेल असे मला वाटत नाही.